मकबऱ्याचा गिलावा आणि आईचा केक

आईच्या साठाव्या वाढदिवसाचा केक मीच करणार, असं घरात जाहीर करून बसले होते. आमचं घर क्रांती चौकात, महिना मे. पहिल्याच हाताला क्रीममध्ये चुरा उतरला, कडा ढासळल्या.

तेव्हा बीबी का मकबरा आठवला. दिलरास बानू १६५७ मध्ये गेली. तिच्या मुलाने, आझमशाहाने, तो आईसाठी बांधवला असं मानतात. लोक ‘गरिबांचा ताज’ म्हणून हिणवतात, मला ते कधी पटलं नाही. संगमरवर फक्त खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला. मधला भाग आपल्याच काळ्या दगडाचा, वर घोटून गुळगुळीत केलेला गिलावा. लांबून कोण ओळखणार? चुन्याच्या कामात खड्डे भरणारा थर वेगळा, दिसणारा वेगळा.

केकलाही तेच केलं. आधी चुरा धरून ठेवणारा पातळ थर, अर्धा तास फ्रिजमध्ये. मग जाड थर. गरम पाण्यात बुडवून पुसलेली पट्टी उभी धरली आणि केकच फिरवला. वर आलेली कड बाहेरून आत ओढली.

सुरी लावण्याआधी आईने कडेवरून बोट फिरवलं. मग ते चाटलं.