बॅटरी का उतरते? हँडलपासून डायोडपर्यंत

मंडळी, जुनी गाडी सकाळी नुसता 'कट्ट' आवाज करून गप्प बसली की पहिला आळ बॅटरीवर येतो. नवी बॅटरी बसते, चार महिने बरे जातात आणि पुन्हा तोच 'कट्ट'. मग घरात कुणीतरी म्हणतेच, "द्या आता भंगारात." हा निकाल देण्याआधी गाडीतल्या विजेचा थोडा इतिहास पाहावा असे मला वाटते. दुखणे कुठे आहे ते बरेचदा त्या इतिहासातच सापडते.

शिशाची आणि आम्लाची बॅटरी फ्रान्समध्ये गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ साली तयार केली, म्हणजे ती मोटारीपेक्षाही जुनी. पण सुरुवातीच्या मोटारी चालू होत त्या हँडल मारून. इंजिनाने उलटा झटका दिला की हँडल मारणाऱ्याचे मनगट मोडायचे. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा सेल्फ-स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला आणि हँडलची सक्ती संपली. (आपल्या अँबॅसडरला मात्र पुढे कितीतरी वर्षे अडीनडीला हँडल लावता येत असे.)

सेल्फ आला आणि बॅटरीवर मोठा भार पडला. खर्च झालेली वीज परत भरणे आले. ते काम डायनॅमोकडे गेले. इंजिन चालू असताना डायनॅमो बॅटरी भरतो हे खरे, पण इंजिन बंद झाले की बॅटरीतली वीज उलटी डायनॅमोकडे धावणार! म्हणून मध्ये एक दरवान बसवला, त्याचे नाव कटआउट. डायनॅमोचा दाब कमी झाला की त्याचे पॉइंट उघडतात आणि उलटी वाट बंद होते. हे पॉइंट जळून एकमेकांना चिकटले की रातोरात बॅटरी रिकामी होते. नवी बॅटरी आणली तरी दरवान झोपलेलाच!

डायनॅमोची दुसरी खोड म्हणजे इंजिन मंद चालत असताना तो जवळजवळ काहीच देत नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० डी बाहेर पडे, तिच्यात डायनॅमोच असे. मुंबईच्या संध्याकाळच्या गर्दीत हेडलाइट लावून अशी गाडी उभी राहिली की साधारण सात-आठ अँपिअर खर्च आणि जमा शून्य.

यावर उतारा आला तो सिलिकॉनच्या डायोडमुळे. १९६० मध्ये अमेरिकेत क्रायस्लरने व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर दिला. तो मंद इंजिनावरही चार्जिंग करतो, आणि त्याच्या आतले डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतात, म्हणून वेगळा कटआउट लागत नाही. दरवान बदलला, काम तेच. डायोड फुटला तर पुन्हा उलटी वाट मोकळी. गाडी रात्रभर उभी असूनही सकाळी अल्टरनेटर कोमट लागला तर संशय तिथेच घ्यावा.

काळ बदलला तरी सवयी राहतात. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि गाडी बंद पडते का ते पाहायचे, ही जुन्या मिस्त्रींची परीक्षा डायनॅमोच्या जमान्यात बहुधा खपून जायची. अल्टरनेटरवर तीच केली तर दाब एकदम उसळून डायोड आणि रेग्युलेटर जळू शकतात. ती करू देऊ नका.

त्यापेक्षा साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर विसावलेली चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.४ दिसले तर चार्जिंग ठीक. तेवढे दिसत नसेल तर आधी ढिला पट्टा, टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी, सैल अर्थ वायर आणि झिजलेले कार्बन पाहावेत. चार्जिंग ठीक असूनही बॅटरी उतरत असेल तर गाडी बंद ठेवून, अर्थची वायर काढून तिथे मीटर अँपिअरवर जोडावा (मीटर जोडलेला असताना सेल्फ मात्र मारू नये) आणि एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला आकडा खाली येतो, त्या वाटेवर चोर. कुठल्याच फ्यूजने फरक पडला नाही तर डायनॅमो किंवा अल्टरनेटरची वाट धरावी.

माझ्या पुतण्याच्या जुन्या गाडीला दोन वर्षांत तीन बॅटऱ्या झाल्या होत्या. फ्यूज काढता काढता चोर सापडला तो डिकीतला ५ वॅटचा दिवा. बटण अडकल्याने झाकण लावले तरी तो जळतच राही. ५ वॅट म्हणजे ०.४ अँपिअर. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी साडेतीन दिवसांत रिकामी, आणि सेल्फला जड त्याच्या कितीतरी आधीच. शिवाय अशी वारंवार पूर्ण उतरलेली बॅटरी आतल्या पट्ट्यांवर सल्फेट साचून खरोखरच खराब होते. म्हणजे दुकानदार "बॅटरी गेली" म्हणतो ते खोटे नसते, पण तो परिणाम असतो, कारण नव्हे.

२०१४ मध्ये अँबॅसडरचे उत्पादन थांबले. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली. कटआउटचे पॉइंट घासून देणारे हातही आता फार उरलेले नाहीत. म्हणून नात्यातल्या ज्यांच्या दारात अजून अशी गाडी उभी आहे, त्यांनी चौथी बॅटरी किंवा भंगारवाला यांच्या आधी दरवानाची चौकशी करावी, एवढेच सांगणे. कुणाला आणखी काही चोर सापडले असतील तर जरूर कळवा.