गिधाडे पुन्हा रानात सोडावीत काय?

एखाद्या प्रदेशातून नाहीशा झालेल्या पशुपक्ष्यांना तेथे पुन्हा आणून वसविणे, याला पुनःस्थापन म्हणतात. पिंजऱ्यात पिले वाढली, की ती रानात सोडावीत, इतका हा निर्णय सोपा नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने १९९८ मध्ये व सुधारून २०१३ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतील कळीचा प्रश्न असा : ज्या कारणाने ती जात नष्ट झाली, ते कारण दूर झाले आहे काय? महाराष्ट्रात हा प्रश्न गिधाडांच्या बाबतीत उभा राहिला.

१९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. लांब चोचीच्या गिधाडांचीही वाताहत झाली. कारण गूढ होते. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्यामागे असल्याचे लिंडसे ओक्स व सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील संशोधनातून २००४ मध्ये दाखवून दिले. औषध दिलेले जनावर लवकरच मेले आणि ते गिधाडाने खाल्ले, की त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. शंभर मृत जनावरांमागे एकापेक्षाही कमी विषारी असले, तरी ही जात संपण्यास तेवढे पुरेसे ठरते.

भारताने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचत असल्याने २०१५ मध्ये बाटलीचे आकारमान ३ मिलीलिटरपुरते मर्यादित झाले. गिधाडांना घातक ठरणाऱ्या किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांच्या पशुवैद्यकीय वापरावर २०२३ मध्ये बंदी आली. मेलोक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते व पिलू वयात येण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. जेथे पक्षीच उरले नाहीत, तेथे वाट पाहून उपयोग नाही. म्हणून हरियाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी व तेथील वनविभाग यांनी प्रजनन केंद्र चालविले. तेथून जानेवारी २०२४ मध्ये लांब चोचीची दहा गिधाडे पेंच आणि पांढऱ्या पाठीची दहा गिधाडे ताडोबा व्याघ्र प्रकल्पात आणण्यात आली. काही महिने मोठ्या पिंजऱ्यात ठेवून, अंगावर माग काढणारी यंत्रे बसवून त्यांना मुक्त करण्यात आले.

व्याघ्र प्रकल्पच का? वाघाने मारलेल्या हरणाच्या अंगात औषध नसते. परंतु गिधाड जंगलाची सीमा मानत नाही. ताडोबातून सुटलेले एक गिधाड डिसेंबर २०२४ पर्यंत तामिळनाडूत पोहोचले. सोडलेल्यांपैकी काही दगावलीही. म्हणूनच केवळ जंगल नव्हे, तर भोवतालच्या सुमारे शंभर किलोमीटर त्रिज्येतील गोठे व औषधांची दुकाने सुरक्षित असावीत, अशी ‘गिधाड सुरक्षित क्षेत्रा’ची कल्पना आहे.

हेच निकष आपल्या परिसरास लावून पाहता येतील. लांब चोचीचे गिधाड कड्यांवर घरटे करते आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेत कड्यांची वाण नाही. मात्र चिकलठाण्यास विमानतळ आहे. आकाशात उंच घिरट्या घालणारा इतका मोठा पक्षी विमानास व विमान पक्ष्यास धोकादायक. मृत जनावरे विमानमार्गापासून दूर, ठरावीक जागी टाकण्याची सोय आधी हवी. त्याहून आधी हवी ती गोठ्यातील औषधाची खात्री. ती नसताना पक्षी सोडणे म्हणजे त्यांना पुन्हा त्याच विषाच्या ताटावर बसविणे होय. पशुपालकाने जनावराला टोचले जाणारे औषध कोणते, एवढे विचारले तरी या निर्णयातील मोठा भाग त्याच्या हाती येतो.