तारांगणातील द्वंद्वयुद्ध

१९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेस ‘पीडीपी-१’ नावाचे गणकयंत्र भेटीदाखल मिळाले. किंमत १,२०,००० डॉलर. स्मृती मात्र अवघ्या ४,०९६ शब्दांची. अशा मौल्यवान यंत्रावर खेळ खेळावा काय, हा प्रश्न आगगाडीच्या प्रतिकृती चालविणाऱ्या मंडळातील हौशी तरुणांना पडला नाही.

आधी त्यांनी हत्यारे घडविली. सांकेतिक आज्ञांचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा जुन्या टीएक्स-० यंत्रावरील असेंब्लर त्यांनी एका शनिवार-रविवारात नव्या यंत्रासाठी सिद्ध केला. मजकूर दुरुस्त करणाऱ्या प्रोग्रामला नाव मिळाले ‘महागडा टाइपरायटर’!

१९६२च्या आरंभी स्टीव्ह रसेल याने ‘स्पेसवॉर’ हा खेळ उभा केला. गोल पडद्यावर दोन अंतराळयाने परस्परांवर टॉर्पेडो सोडीत. पार्श्वभूमीचे तारे मात्र कसेही विखुरलेले होते. पीटर सॅम्सनला हे खपले नाही. नाविक पंचांग पाहून त्याने खगोलीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंचे साडेबावीस अंशांपर्यंतचे खरे तारे मांडले. आपल्या परिचयाची मृग, रोहिणी, चित्रा ही नक्षत्रे याच पट्ट्यातली. तारा जितका तेजस्वी, तितक्या अधिक वेळा त्याचा ठिपका उमटे.

डॅन एडवर्ड्सला मध्यभागी सूर्य हवा होता. सूर्य आला की गुरुत्वाकर्षण आलेच, आणि त्या गणितास यंत्रापाशी वेळ नव्हता. यानांची आकृती तक्त्यातून पुनःपुन्हा वाचून रेखाटण्यातच तो खर्ची पडे. एडवर्ड्सने जो तोडगा काढला तो या साऱ्या प्रकरणातील खरा बुद्धीचा खेळ होय. डाव सुरू होताच त्या तक्त्यावरून थेट रेखाटनाच्या आज्ञाच तयार करणारा प्रोग्राम त्याने खेळातच बसविला. म्हणजे प्रोग्रामनेच प्रोग्राम लिहावयाचा! वाचलेल्या वेळात सूर्य यानांना ओढू लागला. टॉर्पेडोंसाठी मात्र वेळ पुरला नाही; ते प्रकाशकणांचे असल्यामुळे त्यांस गुरुत्वाकर्षण लागू नाही, अशी सोयीस्कर उपपत्ती मग शोधण्यात आली.

खेळ कुणी विकला नाही. यंत्र बनविणाऱ्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीचे अभियंते मात्र नव्या यंत्राची अखेरची परीक्षा त्याच्यावरच घेऊ लागले. चुंबकीय स्मृती वीज बंद झाल्यावरही पुसली जात नसे. म्हणून यंत्र ग्राहकाच्या घरी पोहोचे ते हा खेळ पोटात घेऊनच.