घरगुती बुंदाची निवड

कॉफीच्या दुकानीं उभ्या असलेल्या मध्यम स्थितीच्या गृहस्थास जो संकोच वाटतो, तो केवळ किंमतीचा नसतो. पाटीवरील नांवांचाहि असतो. प्लँटेशन ए, बी, सी, पीबेरी, चेरी, रोबस्टा अशी उतरंड तेथें मांडलेली असते, आणि तिच्या तळचा दाणा मागतांना आपण पाहुण्यांपासून कांहीं लपवीत आहों असें त्यास वाटूं लागतें. ही उतरंड कोणीं व कशासाठीं रचली हें पाहिल्यास तो संकोच बराचसा गळून पडेल, असें आम्हांस वाटतें.

कॉफीच्या बीस आपल्या जुन्या मराठींत बुंद म्हणत; शब्द मूळचा अरबी. बाबा बुदन नांवाच्या फकिरानें मोख्याहून सात बिया आणून चिकमगळुराजवळच्या डोंगरांत लावल्या, ही कथा सर्वश्रुत आहे. ती खरी असो वा नसो, तो बुंद अरेबिका जातीचा होता, आणि पुढें इंग्रज मळेवाल्यांनींहि तोच वाढविला. १८६९ सालीं सिलोनांत या झाडांच्या पानांवर तांबेरा ओळखला गेला. कांहीं वर्षांत तेथील कॉफीचे मळे मोडून त्यांच्या जागीं चहा आला. दक्षिण हिंदुस्थानासहि या रोगानें सोडलें नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं कांगोकडील रोबस्टा जाव्यांत गेली व इकडेहि आली, ती तांबेऱ्यास तोंड देणारी म्हणून. ती सखल प्रदेशांत वाढते, पीक अधिक देते, म्हणून स्वस्त. तिची चव कडवट व राकट, हें खोटें नव्हे. पण तींत कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतें, आणि ज्या घरांत कॉफी दूधसाखर घालूनच प्यावयाची, तेथें तो कडवटपणा दोष न राहतां दुधांतहि कॉफीची चव टिकवून धरतो. आज भारताच्या पिकांत सुमारें ७० टक्के वांटा हिचाच आहे.

आतां ए, बी, सी हीं अक्षरें. तीं चवीचीं नव्हेत, चाळणीचीं आहेत. ‘ए’चा दाणा साडेसहा मिलिमीटरांहून किंचित् मोठ्या भोकाच्या चाळणीवर राहतो, ‘बी’चा सहा मिलिमीटरांच्या, ‘सी’ त्याहून लहान. एकसारखे दाणे एकसारखे भाजले जातात, हा चाळणीचा खरा उपयोग. मोठा दाणा अधिक चवदार, असें त्यांतून निघत नाहीं. ‘सी’मध्यें फुटके दाणे अधिक सांपडतात, पण तांदूळ निवडणाऱ्या घरास तें काम जड नाहीं. पीबेरी म्हणजे फळांत दोहोंऐवजीं धरलेला एकच वाटोळा दाणा. चेरी म्हणजे फळासकट वाळविलेला. धुण्याचा खर्च वांचतो म्हणून स्वस्त.

देशी गिऱ्हाइकाची आठवण या धंद्यास उशिरां झाली. १९३५ सालीं कॉफी सेस कायदा झाला, १९३६ सालीं मुंबईस चर्चगेटला इंडिया कॉफी हाऊस उघडलें. महायुद्धांत युरोपचा बाजार बंद पडला, तेव्हां १९४२ च्या कायद्यान्वयें आपलें पीक कॉफी बोर्डाच्या सामाईक सांठ्यांत घालणें मळेवाल्यांस भाग झालें. निर्यातीचे लिलाव निराळे, देशांतले निराळे. ही व्यवस्था १९९६ सालीं पूर्णपणें सुटली. एवढा काळ जो दाणा दुकानीं येई तोच घ्यावयाचा, तेथें गृहस्थास स्वतःच्या जिभेनें निवड करण्याची संवय लागली नाहीं यांत नवल तें काय?

खरी फसगत होते ती दुसरीकडेच. चिकोरी हें एक मूळ; भाजून दळलें कीं कॉफीचा रंग येतो. नेपोलियननें १८०६ सालीं इंग्रजी व्यापाराची नाकेबंदी पुकारली व कॉफी दुर्मिळ झाली, तेव्हां फ्रान्सांत या मुळाचें प्रस्थ वाढलें. आपल्या कायद्याप्रमाणें मिश्रणांत कॉफी निदान ५१ टक्के असली म्हणजे पुरे. बाकीचें मूळ असलें तरी चालतें. ज्यांस ती चव आवडते त्यांनीं खुशाल घ्यावी. पण स्वस्त म्हणून तयार भुकटी घेणारानें पुड्यावरील बारीक अक्षरें आधीं वाचावींत. अख्ख्या दाण्यांत मूळ लपत नाहीं. म्हणून रोजच्यासाठीं प्लँटेशन सी किंवा अरेबिका चेरी दोन भाग आणि धुतलेली रोबस्टा एक भाग, असा नुकताच भाजलेला दाणा आठवड्यापुरताच आणून घरीं दळावा, असें आम्ही सुचवूं.