वहीच्या मुखपृष्ठावर बाबासाहेब, आतल्या पानांवर कोण?

14 एप्रिलच्या तयारीच्या बैठका सुरू झाल्या की आमच्या नगर जिल्ह्यात हल्ली एक विषय हमखास निघतो. डीजेचा खर्च कमी करू, त्या पैशांत बाबासाहेबांचा फोटो असलेल्या वह्या छापून घेऊ आणि जूनमध्ये शाळा उघडताना मुलांना वाटू. विषय निघाला की दोन आक्षेपही येतात. पहिला आपल्याच कार्यकर्त्यांचा: "फोटो छापून काय होणार? ही तर विभूतिपूजा झाली." दुसरा बाहेरच्यांचा: "शाळेच्या वहीवर जात कशाला आणता?" दोन्ही आक्षेपांना उत्तर द्यायचे तर आधी आपले आणि कागदाचे नाते काय होते, हा इतिहास माहीत हवा.

गावगाड्यात कागद आपल्या पूर्वजांना अनोळखी नव्हता. उलट तो त्यांच्याच डोक्यावरून फिरत होता. सरकारी टपाल तालुक्याला पोहोचवायचे ते महाराने. वसुलीचा भरणा कचेरीत जाताना राखण करायची महाराने. मयताचा सांगावा घेऊन रात्री-अपरात्री परगावी जायचे महाराने. गावाच्या हद्दीचा वाद उभा राहिला की साक्षही त्याचीच. म्हणजे राज्याचा सगळा कागदी कारभार ज्याच्या पायांवर चालत होता, त्यालाच तो कागद वाचता येत नव्हता. आपल्याच जमिनीबद्दल काय हुकूम निघाला आहे, हे माहीत नसताना तो हुकूम डोक्यावर वाहून न्यायचा! समाजशास्त्रात ज्ञानावरच्या मक्तेदारीची पुष्कळ चर्चा होते. तिचे याहून बोलके चित्र मला दुसरे सापडत नाही.

या राबण्याच्या मोबदल्यात काय होते? वतनाची तुटपुंजी जमीन आणि बलुते. बाबासाहेबांनी हे वतन म्हणजे गुलामीची साखळी आहे, हे ओळखले होते. 1928 च्या मार्च महिन्यात त्यांनी मुंबई कायदेमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. पुढे सरकारने वतनी जमिनींवरची जुडी वाढवली, तेव्हा डिसेंबर 1939 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या हरेगावला, आजच्या श्रीरामपूर तालुक्यात, महार, मांग आणि वेठिया वतनदारांची परिषद भरली. तिथे बाबासाहेबांनी सरकारला जाब विचारला. आपल्या किती मुलांना हे ठाऊक आहे? कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा 1958 चा. तो अमलात आला तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते.

आता याच्या शेजारी नगर शहराचा इतिहास ठेवून पाहा. 1842 साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक नगरमधून सुरू झाले. जोतीराव फुले यांनी 1848 साली मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली, ती नगरलाच. त्यानंतर पुण्यात त्यांनी मुलींसाठी शाळा काढली. म्हणजे छापखाना, पाटी, शाळा यांची सुरुवात महाराष्ट्रात फार लवकर झाली अशा गावांपैकी नगर एक आहे. तरीही त्याच जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत आपला माणूस पुढची शंभर वर्षे टपालाचा वाहक राहिला. कागदाची टंचाई नव्हती. तो कोणाच्या हातात जाऊ द्यायचा नाही, हे मात्र ठरलेले होते.

म्हणूनच बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' काढला, ही साधी पत्रकारिता नव्हती. पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात छापायला नकार दिला होता. पुढे 1927 ला 'बहिष्कृत भारत', 1930 ला 'जनता', 1956 ला 'प्रबुद्ध भारत'. एक बंद पडले की दुसरे काढले. ज्यांच्या बापजाद्यांनी दुसऱ्यांचा कागद वाहिला, त्यांनी स्वतःचा कागद छापला. आपल्या चळवळीतल्या कागदाचा इतिहास इथून सुरू होतो.

मग त्या कागदावर बाबासाहेबांची प्रतिमा कधी आली? इथे सरकारची घाई आणि सरकारची दिरंगाई दोन्ही पाहण्यासारख्या आहेत. गांधीजींच्या हत्येनंतर साडेसहा महिन्यांत, 15 ऑगस्ट 1948 ला, त्यांची टपाल तिकिटे निघाली. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण 6 डिसेंबर 1956 चे, आणि त्यांचे पहिले टपाल तिकीट, 15 पैशांचे, आले 14 एप्रिल 1966 ला. नऊ वर्षांहून जास्त काळ गेला. संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये त्यांचे तैलचित्र लागायला 1990 साल उजाडले. ज्या राज्यघटनेमुळे ती संसद भरते, तिच्या शिल्पकाराची ही कथा.

आपल्या माणसांनी मात्र सरकारची वाट पाहिली नाही. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर लग्नपत्रिकेच्या माथ्यावरचा गणपती उतरला आणि तिथे तथागत बुद्ध आणि बाबासाहेब आले. जयंती मंडळाच्या पावतीपुस्तकावर, तरुण मंडळाच्या लेटरपॅडवर, गायन पार्टीच्या गाण्यांच्या पुस्तिकेवर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर बाबासाहेब आले. यातले काहीही सरकारी अनुदानातून छापलेले नव्हते. दहा-वीस रुपयांच्या वर्गणीतून, तालुक्याच्या छोट्या छापखान्यात हे उभे राहिले. नवबौद्ध म्हणजे कोण, हे आपण जगाला आधी लग्नपत्रिकेवर छापून सांगितले आहे. बाबासाहेबांचा फोटो असलेली वही ही याच परंपरेतली पुढची वस्तू आहे.

आता "वहीवर जात आणता" या आक्षेपाकडे येऊ. वहीवर इतर महापुरुष असतात, देवदेवता असतात, क्रिकेटपटू आणि सिनेनट असतात, तेव्हा कोणाला जात दिसत नाही. बाबासाहेब दिसले की लगेच दिसते. मग जात वहीवर आहे की पाहणाऱ्याच्या नजरेत? आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न बोलण्यापुरता उरलेला नाही. मे 2015 मध्ये शिर्डीत मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद काढून नर्सिंग शिकणाऱ्या एका तरुणाचा खून झाला. आणि ज्या हरेगावात 1939 साली बाबासाहेब उभे राहिले, त्याच हरेगावात ऑगस्ट 2023 मध्ये चोरीच्या संशयावरून दलित मुलांना झाडाला उलटे टांगून मारहाण झाली. अशा जिल्ह्यात आपले मूल वर्गात बाकावर बाबासाहेबांची वही उघडपणे काढते, तेव्हा ते "मी इथे आहे आणि मी लिहिणार आहे" असे सांगत असते. ज्यांना हे खटकते, त्यांना वहीची नव्हे, या लिहिण्याची अडचण आहे.

पण पहिला आक्षेप, आपल्याच कार्यकर्त्यांचा, असा उडवून लावता येणार नाही. 1943 साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीच्या भाषणात बाबासाहेबांनी विभूतिपूजेवर कडाडून टीका केली. 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत, राजकारणातली भक्ती देशाला हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला. त्यांचाच फोटो छापताना हे विसरून कसे चालेल?

दोन वर्षांपूर्वी पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवर आम्ही वह्या वाटल्या होत्या. ऊसतोडणीवरून परतलेली कुटुंबे होती. तीन-चार महिन्यांनी पुन्हा गेलो, तर पाचवीतल्या एका मुलीने ती वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बुद्धमूर्तीशेजारी ठेवलेली. पान एकही लिहिलेले नाही. विचारले तर म्हणाली, "दादा, त्याच्यावर बाबासाहेब हायेत. खराब झाली तर?" मी हसलो, पण घरी येईपर्यंत ते डोक्यातून गेले नाही. त्या मुलीची चूक नव्हती. वही कशासाठी आहे हे आम्ही तिला सांगितलेच नव्हते. आम्ही वाटप केले, फोटो काढले आणि निघून आलो.

बाबासाहेबांचे सर्वांत ओळखीचे रूप डोळ्यांसमोर आणा. निळा कोट, हातात ग्रंथ, खिशाला पेन. पेन खिशाला लावलेला असा दुसरा राष्ट्रनेता पुतळ्यात सहसा दिसत नाही. ही प्रतिमाच सांगते की मला ओवाळू नका, लिहा. कोऱ्या वहीची पूजा करणे म्हणजे त्या पेनाचा अपमान आहे. वही फाटली, शाई सांडली, कोपरे दुमडले तर खुशाल होऊ द्या. भरलेली वही हीच खरी आदरांजली.

आणखी एक धोका आहे. निवडणूक जवळ आली की वह्यांचा पूर येतो. मुखपृष्ठावर कोपऱ्यात तिकिटाएवढे बाबासाहेब आणि उरलेल्या पानभर हात जोडलेला भावी नगरसेवक! आतमध्ये शाई पलीकडे उमटेल असा पातळ कागद. अशी वही म्हणजे आपल्या मुलाच्या दप्तरातून गल्लीभर फिरणारे फुकटचे प्रचारपत्रक. काल आपण दुसऱ्याचे टपाल वाहत होतो. आज आपली मुले दुसऱ्याचा प्रचार वाहणार का?

म्हणून जिल्ह्यातल्या जयंती मंडळांना माझे सांगणे आहे. 'एक वही, एक पेन' हे आवाहन महाराष्ट्रभर रुजते आहे, आपणही ते मनापासून राबवू. पाठ्यपुस्तके आठवीपर्यंत मोफत मिळतात, वह्या मात्र विकतच घ्याव्या लागतात, म्हणून ही गरज खरी आहे. पण वही वर्गणीतून छापा आणि तिच्यावर कोणत्याही उमेदवाराचा फोटो नको. कव्हरच्या चकचकाटापेक्षा पाने जास्त आणि कागद जाड घ्या. मुखपृष्ठाच्या आत हरेगाव परिषदेची माहिती चार ओळींत द्या. मागच्या पानावर उपयोगाचे छापा: शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे भरायचा, स्वाधार योजना कोणासाठी आहे, जात पडताळणीला कोणती कागदपत्रे लागतात, आणि गुन्हा नोंदवल्यावर एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ज्या कुटुंबाने पिढ्यान्पिढ्या सरकारी कागद न वाचता वाहिला, त्या घरात हे पान वाचले गेले पाहिजे.

आणि वाटप करून परत फिरू नका. दिवाळीत पुन्हा त्या वस्तीवर जा, वह्या उघडून पाहा. ज्याची वही भरली असेल त्याला दुसरी द्या. ज्याची कोरी असेल त्याच्याजवळ बसा आणि पहिले वाक्य त्याच्याकडून लिहून घ्या. मुखपृष्ठावर बाबासाहेब आपण छापू शकतो. आतल्या पानांवर त्यांना आणण्याचे काम त्या मुलांचे आहे, आणि ते होईपर्यंत सोबत राहणे आपले.

जय भीम!