पॅन-अमेरिकन, नॅशव्हिलमार्गे

१० डिसेंबर १९२७, शनिवारची रात्र. टेनेसीतल्या नॅशव्हिल शहरात एका विमा कंपनीच्या इमारतीत डब्ल्यूएसएम रेडिओचा स्टुडिओ आहे. तिथे कोपऱ्यात उभे राहा. कुणी हटकणार नाही, सगळ्यांचे कान न्यूयॉर्कहून येणाऱ्या अभिजात संगीताच्या कार्यक्रमाकडे लागलेत. त्याचा संचालक वॉल्टर डॅमरॉश नुकताच म्हणालाय की, अभिजात संगीतात हुबेहूब नकलेला जागा नसते. आणि लगेच आगगाडीच्या धावेवरची एक रचना त्याने ऐकवलीही. तो कार्यक्रम संपतो. इकडचा निवेदक, ‘हे’ आडनावाचा जॉर्ज, सांगतो की, आता आमच्याकडे निव्वळ हुबेहूबच ऐका, आणि एका माणसाला पुढे बोलावतो.

उंची जेमतेम चार फूट दहा इंच. डीफर्ड बेली. चार दिवसांनी अठ्ठावीस पूर्ण होतील. तळव्यात मावणारा माउथ ऑर्गन तोंडाला लावतो आणि गाडी सुटते.

आधी जड, रखडत, मग चाकांना लय सापडते. थोड्या वेळाने तुमच्या लक्षात येतं की हा गडी दम घ्यायला थांबतच नाही. माउथ ऑर्गनमध्ये फुंकलं तरी सूर निघतो, हवा आत ओढली तरी निघतो. त्याचा श्वास वादनातच चालू असतो. ओढताना जिभेने आणि घशाने तो सूर खाली खेचतो. आपण मींड म्हणू, ब्लूजवाल्यांचा तो प्राण. त्या खेचण्यातून शिट्टी लांबून जवळ येते, अंगावरून जाते, विरते. तिसऱ्या वर्षी पोलिओने याला वर्षभर अंथरुणाला खिळवलं होतं. मान आणि हात तेवढे हलायचे, तेव्हा हातात आला तो माउथ ऑर्गन. पुढे शाळेच्या वाटेवरच्या रेल्वेपुलाखाली डोळ्यांवर हात धरून तो उभा राहायचा, गाडी ऐकायचा आणि शाळेपर्यंत ती वाजवत जायचा.

वादन संपतं. हे म्हणतो, इतका वेळ ग्रँड ऑपेरा झाला, आता ‘ग्रँड ओल ऑप्री’. अमेरिकी कंट्री संगीताच्या सर्वांत नावाजलेल्या कार्यक्रमाचं बारसं असं तुमच्या डोळ्यांदेखत होतं, एका कृष्णवर्णीय वादकाने वाजवलेल्या, ‘पॅन अमेरिकन’ नावाच्या आगगाडीवरच्या ‘पॅन अमेरिकन ब्लूज’पाठोपाठ. रेडिओवर ऐकणाऱ्या कित्येकांना त्याचा रंग माहीतही नाही.

पुढची वर्षं भराभर ओलांडा. १९२८ मध्ये ५२ पैकी ४९ कार्यक्रमांत तो आहे. त्याच वर्षी व्हिक्टर कंपनी नॅशव्हिलमध्ये त्याच्या आठ चिजा ध्वनिमुद्रित करते, बाजारात आणते तीन. दौऱ्यावर त्याच्या नावाने गर्दी होते, पण रात्री हॉटेलात खोली मिळत नाही. बँजोवाला अंकल डेव्ह मेकन मग काउंटरवर सांगतो की हा माझा नोकर आहे, माझ्याच खोलीत राहील.

१९४१ पाशी मात्र थांबा. गाण्यांच्या हक्कांच्या शुल्कावरून रेडिओ कंपन्या आणि अ‍ॅस्कॅप ही संस्था यांच्यात जुंपली आहे. अ‍ॅस्कॅपच्या यादीतलं काही वाजवायचं नाही, असं फर्मान निघतं. डीफर्डच्या गाजलेल्या चिजा त्या यादीतल्या. त्याला काढून टाकतात. चार वर्षांनी जॉर्ज हे एका पुस्तिकेत लिहितो की हा आपल्या वंशातल्या काही जणांसारखा आळशी होता, त्याला डझनभरच तुकडे येत होते, नवीन शिकायला तयार नव्हता. डीफर्डचं म्हणणं नेमकं उलटं. नवं वाजवायला गेलो की हेच मला जुनं वाजवायला लावायचे. मला डीफर्डचंच खरं वाटतं. ज्या तुकड्यावर टाळ्या पडतात तोच पुन्हा मागणारे चालक कुठल्या रंगभूमीवर नसतात?

आता १९६३. बारावा अ‍ॅव्हेन्यू साउथ, एजहिलचा भाग. बूटपॉलिशच्या दुकानात खुर्चीवर बसा, पाय पुढे करा. समोर बसलेला म्हातारा तोच. याच वर्षी ब्लूजवेडी गोरी मंडळी मिसिसिपीतलं अ‍ॅव्हलॉन हे खेडं हुडकून मिसिसिपी जॉन हर्टला शोधून काढताहेत. इथे, रेकॉर्ड कंपन्यांनी भरलेल्या शहरात, ऑप्रीच्या रंगमंचापासून मोटारीने काही मिनिटांवर, डीफर्ड बुटांना ब्रश मारतोय. तुम्हाला ओरडून सांगावंसं वाटेल. पण काळातल्या प्रवाशाने तोंड उघडायचं नसतं, आणि त्यालाही कुणी बोभाटा केलेला हवाय असं दिसत नाही. न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवाला तो नकार देतो. पुढे बर्ट रेनल्ड्सच्या सिनेमालाही देतो. आधीच्या हिशेबात फसल्याची भावना त्याच्या मनातून गेलेली नाही. दाम योग्य नसेल तर माउथ ऑर्गन घरीच वाजवलेला बरा.

१९७३. दुकान शहराच्या पुनर्रचनेत गेलंय, डीफर्ड वृद्धांसाठीच्या सरकारी इमारतीत राहतो. गृहनिर्माण खात्यातला डेव्हिड मॉर्टन हा तरुण रहिवाशांवर लेख लिहायला येतो आणि येतच राहतो. घाई करत नाही, हे त्याचं मोठेपण. पुढच्या वर्षी, १४ डिसेंबर १९७४ ला, पंचाहत्तराव्या वाढदिवशी डीफर्ड ऑप्रीच्या नव्याकोऱ्या सभागृहात वाजवतो. तुम्ही टाळ्या वाजवाच. पण या रात्रीने तेहतीस वर्षं फिटली असं समजू नका, त्याने तसं समजलेलं नाही. रेकॉर्डच्या करारांना तो नाहीच म्हणत राहतो. २ जुलै १९८२ ला तो गेला. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमने त्याला आत घेतलं ते २००५ मध्ये.

तिकडे कशाला जाता? त्यापेक्षा १९७५ च्या सुमारास त्याच्या खोलीत बसा. मॉर्टनने टेपरेकॉर्डर लावलाय. या फिती १९९८ मध्ये अल्बम म्हणून निघतील. डीफर्ड गाडी वाजवतो, कोल्ह्याची शिकार वाजवतो. मग बँजो घेतो. मग गिटार, उजव्या हाताची, उलटी धरून डाव्या हाताने. मध्येच गातो. हेच्या त्या डझनाचा हिशेब ठेवायला तुम्ही बोटं मोजायला लागता. बारा केव्हाच मागे पडलेत, आणि म्हातारा पुढची चीज सुरू करतोय.