तीन तासांची रांग, पंधरा मिनिटांचा खेळ

जर्मनीतील कोलोन शहरात ऱ्हाईन नदीच्या एका तीरावर जगप्रसिद्ध कॅथेड्रल उभे आहे, तर समोरच्या तीरावर डॉइट्झ भागात 'कोएल्नमेसे' हे विस्तीर्ण प्रदर्शन संकुल आहे. दरवर्षी ऑगस्टच्या उत्तरार्धात या संकुलाकडे जाणाऱ्या रेल्वेगाड्या पाठीवर सॅक, हातात पाण्याची बाटली आणि अंगावर आवडत्या पात्राचा पोशाख अशा थाटातील तरुणांनी भरून वाहू लागतात. निमित्त असते 'गेम्सकॉम' या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनाचे. बाजारात अद्याप न आलेले गेम सर्वसामान्य चाहत्याला स्वतःच्या हातांनी खेळून पाहता येतात, हे या प्रदर्शनाचे मुख्य आकर्षण. २०२५ मध्ये येथे सुमारे ३ लाख ५७ हजार लोकांनी हजेरी लावली.

बाजारात येण्यापूर्वीच गेम खेळायला मिळणे म्हणजे चाहत्याच्या दृष्टीने पर्वणीच. पण दिवसभराची पायपीट करून त्याच्या पदरात नेमके काय पडते? ज्या गेमसाठी तो पुढे काही हजार रुपये मोजणार आहे, त्याची खरी पारख या एका दिवसात होते का? गेल्या तीन दशकांतील अनुभव पाहता या प्रश्नांचे उत्तर 'हो' आणि 'नाही' असे दोन्ही द्यावे लागते.

प्रदर्शनांची परंपरा

आगामी गेम दाखविणाऱ्या प्रदर्शनांत दीर्घकाळ दबदबा होता तो अमेरिकेतील 'ई-थ्री'चा. मे १९९५ मध्ये लॉस एंजेलिस येथे हे प्रदर्शन प्रथम भरले. मात्र ते मुख्यतः व्यापारी, विक्रेते आणि पत्रकार यांच्यासाठी होते. सामान्य चाहत्याला त्याची वार्ता मासिकांतून आणि नंतर इंटरनेटवरून मिळत असे. आत गेलेल्यांचा उत्साहही चाहत्यांपेक्षा कमी नसे. २००६ मध्ये निन्टेन्डोचे 'वी' हे नवे यंत्र हाताळून पाहण्यासाठी दारे उघडताच प्रतिनिधींनी अक्षरशः धाव घेतली होती आणि तासन् तास रांगा लागल्या होत्या. हात हलवून खेळावयाचे ते यंत्र केवळ छायाचित्रे पाहून कळण्यासारखे नव्हते, हे त्या गर्दीमागचे कारण.

ई-थ्रीने सामान्य चाहत्यांसाठी रीतसर तिकीटविक्री सुरू केली ती २०१७ मध्ये, १५ हजार तिकिटांपासून. परंतु तोवर काळ बदलला होता. मोठ्या कंपन्या स्वतःचे कार्यक्रम इंटरनेटवरून थेट प्रक्षेपित करू लागल्या होत्या. २०१९ नंतर ई-थ्री प्रत्यक्ष सभागृहात भरलेच नाही आणि डिसेंबर २०२३ मध्ये ते कायमचे बंद झाल्याची घोषणा करण्यात आली.

ज्या प्रदर्शनांनी सुरुवातीपासून चाहत्यांना दारे उघडी ठेवली, ती मात्र टिकली. जपानमधील 'टोकियो गेम शो' १९९६ पासून भरत आहे. त्याचे काही दिवस व्यावसायिकांसाठी आणि पुढील दिवस जनतेसाठी राखलेले असतात. जर्मनीत २००२ मध्ये लाइपझिग येथे 'गेम्स कन्व्हेन्शन' सुरू झाले. त्याचा वारसा २००९ पासून कोलोनच्या गेम्सकॉमकडे आला. २०२० व २०२१ ही कोरोनाची दोन वर्षे वगळता गेम्सकॉम दरवर्षी प्रत्यक्ष भरले आहे.

मनगटावरील पट्टी

गेम्सकॉममध्ये चाहत्याचा दिवस सुरू होतो तो मनगटापासून. जर्मनीत व्हिडिओ गेमना वयानुसार श्रेणी देणारी 'यूएसके' ही संस्था १९९४ पासून कार्यरत आहे. तिच्या श्रेणीनुसार १२, १६ आणि १८ वर्षांवरील प्रेक्षकांना ओळखपत्र पाहून वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या बांधल्या जातात. ज्या गेममध्ये रक्तपात वा भीषण दृश्ये आहेत, त्यांची दालने चारी बाजूंनी बंद असतात. बाहेरून जाणाऱ्या मुलांना आतील पडदा दिसू नये, हा त्यामागचा हेतू. पट्टी नसेल तर रांगेत उभे राहूनही उपयोग नाही, हे अनुभवी चाहत्यांना ठाऊक असते. म्हणून ते प्रथम पट्टी बांधून घेतात आणि मगच आपल्या गेमच्या दिशेने निघतात.

त्यानंतर कसोटी लागते ती नियोजनाची. सभागृहे अनेक, गेम शेकडो आणि हातात जेमतेम दहा तास. जाणते चाहते आदल्या रात्रीच नकाशा अभ्यासतात. सर्वाधिक गाजावाजा झालेल्या एका गेमसाठी सकाळचा वेळ ठेवायचा आणि उरलेला दिवस छोट्या दालनांत घालवायचा, हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग.

रांगेचे शास्त्र

लालबागच्या राजाच्या दर्शनासाठी रांगेत उभे राहिलेल्या मुंबईकराला या प्रदर्शनातील रांग अपरिचित वाटणार नाही. लोकप्रिय गेमसमोर 'येथून तीन तास' अशा आशयाचा फलक दिसला तरी कोणी मागे फिरत नाही. काही कंपन्या पुठ्ठ्याची घडीची स्टुले वाटतात. दिवस मावळेपर्यंत ही स्टुले सभागृहभर बसण्यासाठी आणि डुलकी घेण्यासाठीही उपयोगी पडतात. टोकियोत काही दालने सकाळी क्रमांकाच्या चिठ्ठ्या देतात. चिठ्ठ्या संपल्या की त्या दिवसापुरता विषय संपला.

रांग इतकी लांबते याचे कारण साध्या गणितात आहे. एका दालनात ४० यंत्रे मांडली आणि प्रत्येक खेळाडूला २० मिनिटे दिली, तर तासाला १२० जण खेळतील. दहा तासांत १,२०० जण. दिवसभरात लाखाच्या घरात माणसे येत असतील, तर त्यातील शंभरात एखाद्याच्याच वाट्याला तो गेम येणार. म्हणूनच प्रदर्शन बंद होण्याच्या बऱ्याच आधी रांगेच्या टोकाशी कर्मचारी उभा राहतो आणि नव्या माणसाला हसतमुखाने परत पाठवितो.

तथापि रांगेतील वेळ अगदीच वाया जातो असे नाही. पुढे उभा असलेला अनोळखी तरुण नेमका आपल्याच आवडीचा गेम गेली दहा वर्षे खेळतो आहे, हे येथेच कळते. एरवी ज्यांची गाठ केवळ इंटरनेटवर पडते, त्यांचे चेहरे येथे दिसतात. कित्येकांसाठी दिवसभराची खरी कमाई हीच असते.

ती पंधरा मिनिटे

अखेर पडद्यासमोरची खुर्ची मिळते. कानांवर हेडफोन, हातात कंट्रोलर. शेजारी उभा असलेला कर्मचारी बटणे समजावून सांगतो, अडल्यास पुढची वाट दाखवितो आणि वेळ संपताच खेळ पुन्हा पहिल्या जागी नेऊन ठेवतो.

समोर असतो तो पूर्ण गेम नव्हे. त्यातील निवडक भाग वेगळा काढून, घासूनपुसून तयार केलेला असतो. या व्यवसायात त्याला 'व्हर्टिकल स्लाइस' म्हणतात. थरांच्या केकचा उभा काप घेतला की प्रत्येक थर थोडाथोडा दिसतो, तसे येथे चित्र, आवाज, हालचाल, लढाई असे गेमचे सारे थर एका छोट्या तुकड्यात दाखविले जातात. उरलेला केक मात्र अजून भट्टीत असतो. कित्येकदा तो भट्टीत गेलेलाही नसतो.

शितावरून भाताची परीक्षा करावी असे आपण म्हणतो. येथे अडचण इतकीच, की कोणते शीत चाहत्याच्या हाती द्यायचे हे आचारीच ठरवितो. अमेरिकेतील बंजी कंपनीने 'हेलो २' या गेमचा जो भाग २००३ च्या ई-थ्रीमध्ये दाखविला, त्याने उपस्थितांना थक्क केले होते. नोव्हेंबर २००४ मध्ये गेम विक्रीस आला तेव्हा तो भाग त्या स्वरूपात त्यात नव्हताच. प्रदर्शनासाठी केलेली ती तजवीज गेमच्या प्रत्यक्ष रचनेत बसणारी नव्हती, हे निर्मात्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले.

पाहणे वेगळे, खेळणे वेगळे

फसगतीची जी उदाहरणे सर्वाधिक गाजली, त्यांत एक समान धागा आढळतो. चाहत्याने तो गेम पाहिलेला होता, खेळलेला नव्हता. 'एलियन्स : कलोनियल मरीन्स' हा गेम फेब्रुवारी २०१३ मध्ये आला तेव्हा जाहिरातीतील देखणी दृश्ये आणि प्रत्यक्षातील गेम यांत इतकी तफावत आढळली, की ब्रिटनमधील जाहिरात नियामक संस्थेकडे तक्रार गेली आणि ती दृश्ये अंतिम गेमशी तंतोतंत जुळत नाहीत हे सेगा या प्रकाशक कंपनीला मान्य करावे लागले. 'नो मॅन्स स्काय'ने २०१४ च्या ई-थ्रीमध्ये अथांग विश्वाचे स्वप्न दाखविले. ऑगस्ट २०१६ मध्ये गेम आला आणि अपेक्षाभंगाची लाट उसळली. जाहिरातीविरुद्धच्या तक्रारी ब्रिटनमध्ये फेटाळल्या गेल्या. निर्मात्यांनी पुढे अनेक वर्षे विनामूल्य भर घालून गमावलेली पत परत मिळविली, हेही नमूद केले पाहिजे.

सर्वांत बोलके उदाहरण 'सायबरपंक २०७७'चे. २०१८ मध्ये बंद दालनांत निवडक लोकांना या गेमचा दीर्घ भाग दाखविण्यात आला. कंट्रोलर मात्र निर्मात्यांच्याच हाती होता. १० डिसेंबर २०२० रोजी गेम आला, तेव्हा जुन्या कन्सोलवर तो इतका अडखळत होता, की आठवडाभरातच सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून घेतला. तो परतला जून २०२१ मध्ये. दुरून डोंगर साजरे, या म्हणीचा प्रत्यय जगभरच्या चाहत्यांना एकाच वेळी आला.

याउलट, कंट्रोलर स्वतःच्या हाती आला की काही गोष्टी लपविता येत नाहीत. बटण दाबल्यावर पात्र तत्काळ हलते की क्षणभर रेंगाळते? गर्दीच्या प्रसंगी चित्र अडखळते का? कॅमेरा वळविताना डोळ्यांना त्रास होतो का? पडद्यावरील अक्षरे वाचता येतात का? या प्रश्नांची उत्तरे पाच मिनिटांतही मिळतात. गेम कोणत्या यंत्रावर चालतो आहे, हे विचारणेही अगत्याचे. घरी कन्सोलवर खेळावयाचा गेम प्रदर्शनात शक्तिशाली संगणकावर चालविला जात असेल, तर त्याच्या सफाईदारपणाला फारसा अर्थ उरत नाही. मात्र चाळीस तासांचा गेम तिसाव्या तासाला कंटाळवाणा होईल का, हे कोणतीही पंधरा मिनिटे सांगू शकत नाहीत.

साडेसहा वर्षांची प्रतीक्षा

प्रतीक्षा फळास आल्याचे उदाहरणही ताजेच आहे. ऑस्ट्रेलियातील 'टीम चेरी' या अवघ्या मूठभर माणसांच्या चमूने फेब्रुवारी २०१९ मध्ये 'हॉलो नाइट : सिल्कसाँग'ची घोषणा केली. त्यानंतर वर्षांमागून वर्षे लोटली. प्रत्येक मोठ्या कार्यक्रमात 'आज तरी सिल्कसाँग येणार का' हा प्रश्न विचारणे हा चाहत्यांमधील एक विनोदच होऊन बसला. ऑगस्ट २०२५ मध्ये गेम्सकॉमच्या सभागृहात हा गेम सर्वांना खेळावयास मिळाला. प्रदर्शन सुरू असतानाच प्रकाशनाची तारीख जाहीर झाली आणि दोनच आठवड्यांनी, ४ सप्टेंबर २०२५ रोजी, तो विक्रीस आला. त्या दिवशी खरेदीदारांच्या गर्दीने मोठमोठी ऑनलाइन दुकाने काही काळ कोलमडली. गेम येणार की नाही अशी शंका ज्यांच्या मनात घर करून होती, त्यांना कोलोनमध्ये हाती आलेला कंट्रोलर हेच पहिले खरे उत्तर होते.

घरबसल्या पारख

कोलोन वा टोकियोची वारी मुंबई-पुण्याच्या प्रत्येक चाहत्याला परवडणारी नाही. पण त्याचा पैसा मात्र तितकाच पणाला लागलेला असतो. प्लेस्टेशन ५ आले तेव्हा, २०२० मध्ये, सोनीच्या काही मोठ्या गेमची भारतातील किंमत ४,९९९ रुपये ठेवण्यात आली होती. एवढी रक्कम केवळ जाहिरात पाहून आगाऊ भरणे, हा जुगारच.

सुदैवाने संगणकावर खेळणाऱ्यांसाठी आता दुसरा मार्ग आहे. स्टीम या ऑनलाइन दुकानातर्फे 'नेक्स्ट फेस्ट' हा महोत्सव वर्षातून तीनदा भरतो आणि त्यात शेकडो आगामी गेमचे डेमो विनामूल्य उतरवून घेता येतात. शिवाय खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळून झाले असेल, तर पैसे परत मागण्याची सोय स्टीमने २०१५ पासून ठेवली आहे. छोट्या निर्मात्यांना डेमोचा लाभ अधिक होतो. त्यांच्यापाशी जाहिरातीसाठी कोट्यवधी नसतात. खेळाडूच्या हाती गेमचा तुकडा ठेवणे, हीच त्यांची जाहिरात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या चमूने भारतीय पुराणकथांवर बेतलेला 'राजी' हा गेम घडविताना हाच मार्ग चोखाळला. लोकवर्गणी उभारण्याचा २०१७ मधील त्यांचा प्रयत्न अपयशी ठरला, तरी गेम मागे पडला नाही. २०२० मध्ये तो निन्टेन्डो स्विचसह विविध यंत्रांवर प्रकाशित झाला.

प्रदर्शनाची दारे बंद होतात, तेव्हा चाहत्याच्या पायांत गोळे आलेले असतात, सॅक फुकट मिळालेल्या चित्रांनी भरलेली असते आणि हिशेब केला तर दिवसभरात प्रत्यक्ष खेळणे झालेले असते जेमतेम तासभर. तरीही परतीच्या गाडीत त्याच्यापाशी एक गोष्ट असते, जी कोणत्याही जाहिरातीत मिळत नाही : 'मी खेळून पाहिला आहे' असे सांगण्याचा अधिकार. गेमच्या दुनियेत मत बनविण्यापूर्वी आणि पैसे मोजण्यापूर्वी हा अधिकार मिळविणे, मग तो कोलोनच्या रांगेत असो वा घरच्या संगणकावर, प्रत्येक चाहत्याच्या हिताचे आहे.